क्लबकडे जर्सी नका मागू, कोच मागा (खान्देशातल्या शाळांसाठी)

सुरुवात आमच्याच फजितीपासून करतो, म्हणजे पुढचं सांगायला मला तोंड राहील. काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेने एका मोठ्या फुटबॉल क्लबला पत्र टाकलं, लेटरहेडवर, मुख्याध्यापकांच्या सहीशिक्क्यानिशी. मागणी काय तर २० जर्सी, १० बॉल आणि स्नेहसंमेलनाला एखादा खेळाडू. खेळाडू काही आला नाही पण दोन महिन्यांनी कुरिअरने चक्क एक खोकं आलं, शाळेत नुसता जल्लोष. उघडून बघतो तर सगळ्या जर्सी मोठ्या माणसाच्या मापाच्या. सहावीचं पोरगं घालून उभं राहिलं तर जर्सी गुडघ्याच्या खाली, अन् मागून एकजण ओरडला, "सर, हाऊ ते झगा शे!" फोटो काढला, पेपरला बातमी दिली आणि क्लबशी आमचं नातं तिथंच संपलं. त्यातल्या दोन जर्सी आता आमचे शिपाई मामा रंगकामाला घालतात.

क्लबला दोष देत नाही मी, आम्ही मागितलं ते त्यांनी दिलं. मागायचं काय हेच आम्हाला कळत नव्हतं. नंतर धडपडत, चार ठिकाणी तोंड वाजवून जे कळलं ते इथे लिहितोय. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्ह्यांतल्या पीटीच्या सरांना मॅडमना उपयोग होईल असं वाटतं, मुख्याध्यापकांनी वाचलं तर अजून बरं.

आधी हे समजून घ्या की क्लबला शाळा कशाला हवी असते

आपल्याला वाटतं आपण हात पसरतोय. तसं नाही ना भो. टॉपच्या लीगमध्ये खेळायचं तर क्लबला लायसन्स लागतं आणि आशियाई फेडरेशनच्या त्या लायसन्सच्या अटींमध्ये लहान वयोगटांच्या टीम, ग्रासरूटचा (म्हणजे अगदी लहान पोरांना खेळाची गोडी लावायचा) कार्यक्रम असं सगळं दाखवावं लागतं. म्हणजे लहान पोरांपर्यंत पोहोचणं ही त्यांचीही गरज आहे. शिवाय उद्याचे खेळाडू, उद्याचे प्रेक्षक, स्पॉन्सरला दाखवायचा अहवाल, हे आहेच.

इंग्लंडात हे फार आधी सुरू झालं. १९८६ ला तिथल्या खेळाडूंच्या संघटनेने वायव्य भागातले सहा क्लब धरून 'फुटबॉल इन द कम्युनिटी' चालू केलं, त्यात मँचेस्टरचे दोन्ही क्लब होते, आणि बरी किंवा ओल्डहॅमसारखे छोट्या गावांचे पण होते. आता तिथे २०१७ पासून प्रीमियर लीगचा प्रायमरी स्टार्स नावाचा कार्यक्रम आहे, त्यात क्लबचा माणूस प्राथमिक शाळेत जातो, पण नुसतं पोरांना खेळवून निघून येत नाही, तो शाळेच्या शिक्षकाच्या बाजूला उभा राहून तास घेतो म्हणजे तो गेल्यावर शिक्षकाला स्वतःला जमलं पाहिजे. फुटबॉलच्या निमित्ताने गणित आणि इंग्रजीचे धडे सुद्धा बनवलेत त्यांनी. मला या सगळ्यातली कामाची गोष्ट एकच दिसली, ती म्हणजे बाजूला उभा राहणारा माणूस.

आपल्याकडे पण झालंय थोडंफार. २०२३ ला आपल्या राज्य सरकारने जर्मनीच्या बायर्न म्युनिक क्लबसोबत एफसी बायर्न महाराष्ट्र कप घेतला होता, १४ वर्षांखालच्या मुलांचा, शाळांच्या टीम जिल्हा, विभाग, राज्य अशा वर गेल्या आणि २० पोरं निवडून म्युनिकला नेली. गोव्यात एफसी गोवाचं फोर्सा गोवा फाउंडेशन लहान मुलांच्या लीग चालवतं. आणि फिफाचा फुटबॉल फॉर स्कूल्स, त्याचा करार ३० ऑक्टोबर २०२२ ला मुंबईत झाला (त्याच दिवशी नवी मुंबईत मुलींच्या १७ वर्षांखालच्या वर्ल्डकपची फायनल होती, स्पेनने कोलंबियाला हरवलं), त्यात देशभर ११ लाखांवर बॉल नवोदय विद्यालयांमार्फत वाटायचे ठरले. तुमच्या शाळेत कपाटात फिफाचा शिक्का असलेले बॉल प्लास्टिकमध्येच पडलेले असतील तर आधी ते बाहेर काढा, हवा भरा, मग पुढचं वाचा. मस्करी नाही करत, दोन शाळांमध्ये स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय.

आपल्याकडे क्लब कुठे आहे?

नाहीये. खान्देशात व्यावसायिक क्लब एकही नाही हे आधीच मान्य करून टाकू. जवळचं म्हणजे मुंबई, जळगावहून रेल्वेने सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास. म्हणजे दर आठवड्याला कोच येईल हे विसरा. वर्षातून दोन फारतर तीन वेळा कोणीतरी दोन-दोन दिवस येईल, बाकी फोन आणि व्हिडिओ, एवढंच धरून प्लॅन करायचा. आणि म्हणूनच पोरांना शिकवायला नाही तर *तुम्हाला* शिकवायला माणूस मागायचा. कोचने दोन दिवसांत ४० पोरांना काय शिकवलं ते आठवड्यात पुसलं जातं, पण पाच पीटी शिक्षकांना शिकवलं तर वर्षभर टिकतं.

आता एका शाळेसाठी मुंबईहून कोण येणार, म्हणून गट करा. जिल्हा परिषदेच्या शाळांची केंद्रं असतातच, केंद्रप्रमुख असतात, महिन्याची शिक्षण परिषद असते, तिथे विषय काढा. आमच्याकडे तीन जिल्हा परिषदेच्या, दोन संस्थेच्या आणि एक आश्रमशाळा अशा सहा शाळा जमल्या, सगळ्या एकमेकींपासून १५ किलोमीटरच्या आत. सहा शाळांचं एकत्र पत्र गेलं की समोरचा माणूस वेगळ्या नजरेने वाचतो. आश्रमशाळा असेल तर तिथल्या मुख्याध्यापकांच्या हातात सगळं नसतं, यावल, तळोदा, नंदुरबार, धुळे ज्या प्रकल्प कार्यालयात ती शाळा येते तिथल्या प्रकल्प अधिकाऱ्यांची परवानगी आधी घ्या, नाहीतर ऐन दिवशी पोरं खोलीतच बसतील. आणि आश्रमशाळा सोडू नका गटातून, सातपुड्यातल्या पावरा-भिल्ल पोरांचा दम बघितलाय का कधी? आमच्या गावातली पोरं दहा मिनिटांत हात गुडघ्यावर टेकवून उभी राहतात अन् ती अजून पळताहेत.

दुसरं म्हणजे जिल्हा फुटबॉल असोसिएशन. क्लबच्या मागे धावताना आपण यांना विसरतो. राज्याची संघटना म्हणजे विफा, तिच्याखाली जिल्हा संघटना. क्लबचा ग्रासरूटवाला पहिला फोन बहुतेक तिथेच करतो की बाबा ही शाळा कोण आहे. तेव्हा तुमचं नाव त्यांना ऐकून माहीत पाहिजे. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात पण जाऊन या, चहा प्या, सुब्रतो कप साठी शाळेची नोंदणी करा. सुब्रतो कप १९६० पासून चालू आहे, शाळांचीच स्पर्धा, जिल्हा मग नाशिक विभाग मग राज्य. टीम पहिल्याच मॅचला ७-० ने हरली तरी चालेल, पत्रात "आमची टीम जिल्हास्तरावर खेळली" हे वाक्य लिहिता येतं. आमची ६-० ने हरली होती, तरी लिहिलं.

पत्र टाकायच्या आधी घर आवरा

पाहुणा यायच्या आधी आपण ओसरी झाडतो तसंच.

मैदान. आपली काळी माती कापसाला सोन्यासारखी पण खेळायला वैरीण. उन्हाळ्यात भेगा अशा पडतात की पोराचा पाय घोट्यापर्यंत आत जाईल आणि मुरगळेल, पावसाळ्यात एकेका बुटाला किलोभर चिखल. अख्खं मैदान सुधारायला जाऊ नका, पैसे पुरणार नाहीत. साधारण ४० बाय ३० मीटरचा एक तुकडा धरा, त्यावर मुरूम टाकून पाणी मारून रोलर फिरवा, खडी हाताने वेचा (पोरांना लावा, शनिवारी अर्ध्या तासात होतं), उतार एका बाजूला द्या. एवढ्या तुकड्यात पाच-पाच जणांच्या दोन मॅच शेजारी शेजारी होतात आणि लहान पोरांना तेवढंच पाहिजे, अकरा-अकरा जण मोठ्या मैदानावर खेळवले की अर्ध्यांच्या पायाला बॉल लागतच नाही. गोलपोस्ट दोन बांबू अन् वर सुतळी बांधली तरी चालते. लोखंडी असेल तर मागून जमिनीत खुंटी ठोकून बांधलेलाच पाहिजे, नुसता उभा केलेला लोखंडी गोलपोस्ट पोरं लटकली की अंगावर येतो. लाईन मारायला फक्की वापरा, कळीचा चुना अजिबात नको, डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो.

बॉलचं माप. ५ नंबरचा बॉल हायस्कूलसाठी. आठ-नऊ वर्षांपर्यंत ३ नंबर, त्यापुढे बारा-तेरापर्यंत ४. तिसरीच्या पोराने ५ नंबरच्या बॉलला लाथ मारली की बॉल कमी अन् पोरगं जास्त सरकतं.

आणि जन्मतारखा! हे कोणी सांगत नाही म्हणून थोडं लांबवतो. तुमच्या जनरल रजिस्टरला जरा बघा किती पोरांची जन्मतारीख १ जून आहे. खेड्यात शाळेत नाव घालताना तारीख माहीत नसली की गुरुजींनी १ जून टाकून दिली, पिढ्यान् पिढ्या चाललंय, माझी स्वतःची पण तीच आहे. पण क्लबच्या माणसाने वीस जणांची यादी बघितली आणि त्यात नऊ जण १ जूनचे, तर त्याला वाटणार वय लपवलंय. फुटबॉलमध्ये वयचोरी हा फार संवेदनशील विषय आहे, खेळाडूची नोंदणी फेडरेशनच्या (म्हणजे देशाच्या, अखिल भारतीय फुटबॉल फेडरेशनच्या) ऑनलाईन सिस्टीमवर होते आणि तिथे कागद लागतात. तेव्हा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला प्रत्येक पोराचा मागवून ठेवा, आधार आणि रजिस्टर जुळतंय का बघा, जुळत नसेल तर दुरुस्तीला आत्ताच टाका, निवड झाल्यावर पळापळ करून होत नाही ते.

शिक्षक. गटातल्या निदान एका शिक्षकाने फेडरेशनचा डी लायसन्सचा (कोचिंगचा) कोर्स करावा, साधारण आठवडाभराचा असतो. आपल्याकडे कोर्स लागत नाही, लांब जावं लागतं, रजेचा प्रश्न येतो, सगळं मान्य. पण म्हणूनच पत्रात हे मागता येतं की आमच्या दोन शिक्षकांना कोर्सला जागा मिळवून द्यायला मदत करा, किंवा जिल्ह्यात पुरेसे लोक जमवतो तुम्ही इन्स्ट्रक्टरसाठी शब्द टाका. क्लबला यात फारसा खर्च नाही आणि तुमचं काम कायमचं होतं.

पत्र

क्लबच्या इन्स्टाग्रामवर मेसेज टाकून काही होत नाही, तिकडे रोज हजार पोरं "सर ट्रायल कधी" विचारत असतात. मालकाला, सीईओला पण नको. क्लबच्या वेबसाईटवर ग्रासरूट किंवा युथ डेव्हलपमेंटचा जो प्रमुख असेल त्याच्या नावाने ईमेल करा, मुख्याध्यापकांच्या ईमेलवरून, साध्या इंग्रजीत, अर्ध्या पानात. इंग्रजीच्या सरांकडून नुसतं स्पेलिंग तपासा, त्यांना भाषा सजवू देऊ नका, आमच्या सरांनी पहिल्या पत्रात "युअर एस्टीम्ड ऑर्गनायझेशन" चार वेळा घातलं होतं. मजकूर साधारण असा:

"आम्ही जळगाव जिल्ह्यातल्या ६ शाळा आहोत, एकमेकींपासून १५ किमीच्या आत. १० ते १४ वयाची २१० मुलं-मुली आठवड्यातून ३ दिवस सकाळी फुटबॉल खेळतात. ५ शिक्षक रोज मैदानावर असतात, फुटबॉलचं प्रशिक्षण कोणालाच नाही. आम्हाला साहित्य नको आहे. तुमच्या एका कोचने वर्षात दोनदा, दोन-दोन दिवस येऊन आमच्या ५ शिक्षकांना शिकवावं ही विनंती. राहणं, जेवण, स्टेशनवरून नेणं-आणणं आमच्याकडे. सोबत ९० सेकंदांचा व्हिडिओ आहे."

बस. "आम्हाला साहित्य नको आहे" हे वाक्य काढू नका, तिथे वाचणारा थांबतो. व्हिडिओत भाषण, दीपप्रज्वलन, ड्रोन काही नको, पोरं खेळताना आणि तुम्ही शिकवताना दिसा, चुका दिसल्या तरी उत्तम, त्यासाठीच तर बोलावतोय. उत्तर नाही आलं तर तीन आठवड्यांनी तेच पत्र परत, वर एक नवीन ओळ टाकून. आम्हाला तिसऱ्यांदा उत्तर आलं. एकाच क्लबच्या भरवशावर राहू नका, आयएसएलवाले (इंडियन सुपर लीग, आपली वरची लीग), त्याखालच्या लीगचे, मुंबई-पुण्यातले साधे क्लब ज्यांच्या लहान मुलांच्या टीम आहेत, सगळ्यांना टाका. खरं सांगायचं तर छोटा क्लब जास्त मन लावून येतो.

तारखा तुम्ही ठरवा, त्यांना ठरवू देऊ नका

मुंबईच्या माणसाला आपल्या कॅलेंडरची कल्पना नसते. एकदा एका क्लबच्या लोकांनी आम्हाला मे महिन्याचा दुसरा आठवडा दिला, "व्हेकेशनमध्ये मुलं फ्री असतील ना". अहो मे मध्ये इथे ४५ च्या वर पारा जातो, भुसावळ-जळगाव देशाच्या बातम्यांत असतं, आणि आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) निम्मी पोरं मामाच्या गावाला. तरी आम्ही संकोचाने हो म्हटलं. सकाळी अकराला सेशन ठेवलं त्यांनी, वीस मिनिटांत एक पोरगी चक्कर येऊन पडली आणि कोचसाहेब स्वतः टोपीत पाणी भरून डोक्यावर ओतत होते. नशीब काही वाईट झालं नाही. चूक माझी, मी बोलायला पाहिजे होतं.

तर कापूस वेचणी चालू झाली, ऑक्टोबरपासून पुढे, की बरीच पोरं शेतात असतात, शनिवार-रविवार तर हमखास. होळीच्या आठवड्यात सातपुड्याकडची पोरं भोंगऱ्या बाजार आणि होळी सोडून कुठेही येणार नाहीत आणि येऊ पण नये. श्रावणात कानबाई, पोळा. दिवाळीनंतर काही कुटुंबं ऊसतोडीला, वीटभट्टीला निघून जातात, त्यांची पोरं तुमच्या यादीतून गळतात, त्यांना आजी-आजोबांकडे ठेवता येतं का हे आधी बोलून ठेवा. हे सगळं वजा केलं की दोन खिडक्या राहतात, एक शाळा उघडल्यावर जून अखेर-जुलै, सुब्रतोच्या आसपास, पाऊस बघून, आणि दुसरी डिसेंबर शेवट ते जानेवारी, सकाळची थंडी असते, मैदान कोरडं असतं, ही सगळ्यात चांगली. सेशन सात ते साडेआठ, दुसरं संध्याकाळी पाचनंतर.

कोच येतो त्या दिवशी

सत्कार पाच मिनिटांत उरका. संस्थेचे चेअरमन, सरपंच, केंद्रप्रमुख, सगळ्यांना बोलवा पण शाल-नारळ संध्याकाळी. सकाळी सात ते आठ हा तास सोन्याचा आहे, तो भाषणात गेला की उरलेला दिवस उन्हात जातो. नाना-आप्पांना आधीच हात जोडून सांगून ठेवायचं, ते रागावत नाहीत, फोटो मिळाला की झालं.

भाषेचं बघा. कोच हिंदी नाहीतर इंग्रजीत बोलणार, पोरं अहिराणीत, आश्रमशाळेची पावरीत. पहिल्या दिवशी कोच "स्पेस में जाओ" म्हणत होता आणि पोरं आभाळाकडे बघत होती, शपथ. मग आमच्यातल्या एका मॅडमनी बाजूला उभं राहून "मोकळी जागा देख, तठे पळ" असं सांगायला सुरुवात केली आणि खेळच बदलला. तेव्हा प्रत्येक सेशनला एक शिक्षक दुभाषी म्हणून ठेवाच, त्याने पूर्ण वेळ कोचच्या दोन पावलं मागे राहायचं. दुसरा शिक्षक वहीत लिहिणार, कोणता खेळ घेतला, किती जण, किती अंतर, काय सांगून थांबवलं. आमची ती वही आता सहा शाळांत फिरते, तिच्यावर चहाचे डाग आहेत पण जर्सीच्या खोक्यापेक्षा तिची किंमत जास्त. दुसऱ्या दिवशी मात्र तास तुम्ही घ्यायचा आणि कोचने फक्त बघायचं. लाज वाटते पोरांसमोर, वाटू द्या.

जेवणाचं एकच, पाहुण्याला पहिल्याच रात्री शेवभाजी घालू नका. आमच्या कोचने कौतुकाने दोन वाट्या घेतल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळचं सेशन साडेसातला सुरू झालं. भरीत, कळण्याची भाकरी, सोबत ताक, यावर कोणी आजारी पडत नाही.

कागदावर काय असावं

एक पान पुरे, पण पाहिजेच. वर्षात किती भेटी, कोणाचा खर्च कोणाकडे, दोन्हीकडून एकेका माणसाचं नाव. पोरांचे फोटो-व्हिडिओ पालकांच्या लेखी संमतीशिवाय कुठे टाकायचे नाहीत. बाहेरचा माणूस पोरांसोबत एकटा राहणार नाही, शाळेचा शिक्षक कायम हजर, मुलींच्या सेशनला बाई शिक्षिका हजर, वैयक्तिक नंबरवर पोरांना मेसेज नाही. पॉक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा) कायदा २०१२ पासून आहे, त्यात संकोच कसला, चांगला क्लब उलट स्वतःहून त्यांची बालसुरक्षेची पॉलिसी पाठवतो. नाही पाठवली तर मागा.

मग बंधनाचं. "या शाळेतला प्रत्येक खेळाडू आधी आम्हाला" असलं वाक्य दिसलं तर खोडा. पोरगं कुठे खेळेल ते पोरगं आणि त्याचे आईबाप ठरवतील. इथे एक व्यवहाराची गोष्ट सांगतो: खेळाडूची एका देशातून दुसऱ्या देशातल्या क्लबला विक्री झाली तर फिफाच्या नियमाने त्या रकमेतले ५ टक्के, त्याला १२ ते २३ वयात घडवणाऱ्या क्लबांमध्ये वाटले जातात. क्लबांमध्ये, शाळांमध्ये नाही. म्हणजे संघटनेशी जोडलेला क्लब नसेल तर तुमच्या मेहनतीची नोंदच कुठे राहत नाही. आपल्या पोरांची विक्री युरोपात होणार म्हणून नाही सांगत, पण माजी विद्यार्थ्यांचा एक छोटा क्लब काढून जिल्हा असोसिएशनला जोडून घ्या, पोरांची नोंदणी त्यातून करा. दहावीनंतर शाळा सुटली तरी खेळ सुटत नाही हा त्याचा खरा फायदा.

करार एका वर्षाचाच करा. क्लब बुडतात हो. एफसी पुणे सिटी २०१४ ला आयएसएल सोबत सुरू झाला आणि २०१९ ला बंद. त्याच्या जागी आलेला हैदराबाद २०२५ ला दिल्लीला हलला. आणि त्याच वर्षी जुलैत फेडरेशन आणि लीग चालवणाऱ्या कंपनीचा करार डिसेंबरला संपणार म्हणून पुढचा सीझनच लटकला, काही क्लबांनी तर पगार थांबवले. अशा वेळी शाळांचा कार्यक्रम सगळ्यात आधी कापला जातो. म्हणून म्हणतो, वही तुमच्याकडे ठेवा, लायसन्स तुमच्या शिक्षकाच्या नावावर घ्या.

पैसे, आणि पैसे मागणारे

भेटीचा खर्च म्हणजे रेल्वेचं तिकीट, राहणं, जेवण, फक्की, थोडा मुरूम. एवढं गावातूनच निघतं, डाळमिलवाले, पाईपवाले, सराफ, केळीचे व्यापारी, एकेकाला एकेक गोष्ट वाटून द्या, "रोलर तुमचा, मुरूम तुमचा". रोख नका मागू, वस्तू मागा, लोक मोकळ्या हाताने देतात. मोठी रक्कम पाहिजे असेल तर सीएसआर, म्हणजे कंपन्यांनी समाजकामावर खर्चायचा पैसा. कंपनी कायद्यात ज्यांचा निव्वळ नफा ५ कोटी किंवा उलाढाल १००० कोटी किंवा नेटवर्थ ५०० कोटी त्यांना मागच्या ३ वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के खर्च करावे लागतात आणि त्याच्या यादीत ग्रामीण खेळांचं, ऑलिम्पिक खेळांचं *प्रशिक्षण* आहे. शब्द नीट बघा, प्रशिक्षण. नुसती एक स्पर्धा भरवतो म्हटलं तर कंपनीवाला बिचकतो, वर्षभराचं प्रशिक्षण म्हटलं की ऐकतो. तुमच्या संस्थेला १२ए, ८०जी आणि सीएसआर-१ ची नोंदणी लागेल, सीएला विचारा. विप्रो सुद्धा १९४५ ला आपल्या अमळनेरात तेलाच्या कारखान्यातून सुरू झाली बरं का, हे वाक्य कोणत्याही कंपनीच्या मीटिंगला कामी येतं, हसतात तरी.

आता दुसरे. परदेशी क्लबचा लोगो छापलेला बॅनर घेऊन एक "अकॅडमी" आमच्या तालुक्यात आली होती, ट्रायल फी घेतली, तीसेक पोरांकडून, निवड झाली म्हणून पत्रं दिली, किटचे वेगळे पैसे मागितले आणि मग फोन बंद. एका पोराच्या बापाने कापसाच्या पैशातून भरले होते. तेव्हापासून आमचा नियम असा की शाळेच्या आवारात ट्रायल घ्यायची तर आधी जिल्हा असोसिएशनला फोन, फेडरेशनच्या मान्यताप्राप्त अकॅडमींच्या यादीत नाव बघायचं, आणि ज्या क्लबचा लोगो आहे त्या क्लबला थेट ईमेल करून विचारायचं की हे तुमचेच का. दोन दिवस लागतात. घाई करणारा असेल तर तिथेच ओळखा.

पालकांचं पण याच्याशी जोडलेलंच आहे. पहिल्या सभेत एक आबा उठून म्हणाले, "मना पोऱ्या फुटबॉल खेळीसन काय भेटी?" बरोबर प्रश्न आहे. त्यांना मेस्सीचं नाव सांगू नका. दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण, सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण, त्यासाठी कोणत्या स्तरापर्यंत खेळावं लागतं आणि सर्टिफिकेट कसं जपायचं, हे सांगा. मुलींच्या आयांना वेळ सांगा, किती वाजता सुटणार, सोबत कोण मॅडम, घरापर्यंत कोण सोडणार. आमच्याकडे मुलींची संख्या वाढली ती सेशन सकाळी शाळेच्या आधी घेतल्यावर, संध्याकाळी घरचं काम असतं त्यांना. आणि मैदानाजवळचं टॉयलेट चालू पाहिजे, कुलूप लावून ठेवलेलं नाही.

कुलूपावरून आठवलं. बॉलची पेटी ऑफिसात, चावी मुख्याध्यापकांकडे, आणि तुम्ही बीएलओच्या (मतदारयादीच्या) ड्युटीवर किंवा प्रशिक्षणाला गेलात की पंधरा दिवस खेळ बंद. आमच्याकडे कोचने दुसऱ्या भेटीत पहिला प्रश्न हाच विचारला होता, "सर, आप नहीं होते तब बॉल कौन निकालता है?" मला उत्तर देता आलं नाही. आता दोन चाव्या आहेत, एक आठवीतल्या मुलीकडे अन् एक सातवीतल्या पोराकडे, वहीत सही करून न्यायची, सही करून ठेवायची. या वर्षी आत्तापर्यंत एक बॉल हरवलाय, तो पण विहिरीत गेला.